मुक्या प्राण्यांची आश्रयगृहे आणि त्यांची पारख



या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे यांविषयी बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती रास्त आहे. माझा आजचा विषय कुत्र्या-मांजरांचा आहे हे कळल्यावर व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा इतिहासकाराचा अधिकार मी सांगत नाही. एका कुत्र्याचा माग काढता काढता या इतिहासात शिरलो, एवढेच.

तो कुत्रा असा. २००९ साली ठाण्याकडच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. साडेचार महिने आम्ही फाटकासमोर मांडव घालून बसलो होतो. पहिल्याच पावसात एक पिवळट गावठी कुत्रा त्या मांडवात शिरला आणि आमच्यातलाच एक होऊन राहिला. रात्रीच्या पहाऱ्यावर कोण झोपला आहे हे तो बरोबर हुडकून काढी, म्हणून आमच्यातल्या एका जुन्या गिरणीकामगाराने त्याचे नाव 'जॉबर' ठेवले. कारखाना अखेर बंदच झाला. हिशेब चुकते झाले, मांडव उतरला, माणसे आपापल्या गावी पांगली, आणि जॉबरचे काय करावयाचे हा प्रश्न उरला. कोणीतरी प्राण्यांच्या एका आश्रमाचा पत्ता आणला. ते लोक गाडी घेऊन आले. छापील पावतीपुस्तक होते, पावतीवर गाईचे आणि कुत्र्याचे सुबक चित्र होते. ज्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती अशा माणसांनी पन्नास-शंभर काढून तीन हजार रुपये जमविले आणि जॉबरला गाडीत बसवून दिले.

अडीच महिन्यांनी मी आणि एक सहकारी त्याला भेटावयास गेलो. फाटकाला कुलूप होते. पुष्कळ हाका मारल्यावर व्यवस्थापक आले आणि एक पिवळा कुत्रा दोरीला धरून बाहेर घेऊन आले. "हाच तुमचा." आमच्या जॉबरचा डावा कान फाटलेला होता; या कुत्र्याचे दोन्ही कान शाबूत होते. मी नोंदवही मागितली. ते म्हणाले, "साहेब, आम्ही सेवा करतो, कारकुनी करीत नाही."

हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, पण जनावरांच्या बाबतीत नव्हे. ज्या ज्या ठिकाणी कामगारांच्या पैशाचा घोटाळा झाला, मग तो मदतनिधी असो, पतपेढी असो की गणपतीची वर्गणी असो, त्या त्या ठिकाणी हिशेब मागणाऱ्याला असेच उत्तर मिळाले आहे: तुम्ही कागद बघता, आम्ही काम बघतो. फरक एवढाच की कामगार फसला तर ओरडतो, सभेत उठून बोलतो, कोर्टात जातो. कुत्रा यांपैकी काहीच करू शकत नाही. त्याच्या वतीने साक्ष देणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे वही. तो कधी आला, कोणी आणला, त्याला काय झाले आणि तो गेला तर कोठे गेला. पुढच्या दाराने आलेले जनावर सगळे जग पाहते. फोटो तेथेच काढले जातात. संस्थेची परीक्षा करावयाची तर ती मागल्या दाराशी करावी लागते. मला वाटले होते की हे शहाणपण मला त्या दिवशी सुचले. वाचीत गेलो तेव्हा कळले की दोनशे वर्षांत अनेक देशांतील लोकांना ते पुनःपुन्हा, आणि बहुधा उशिराच, सुचलेले आहे.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत होता. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती अधिक, म्हणून ठरावीक काळात ही मोहीम चाले. १८३२ साली ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आता नगावर मजुरी म्हणजे काय असते, हे यंत्रमागावर काम केलेल्या कोणत्याही माणसास विचारा. जेथे नगाला पैसे आहेत तेथे नग वाढतात. माल कसा आहे हे मग कोणी पाहत नाही. रस्त्यावरचे हडकुळे, चपळ कुत्रे पकडणे कठीण आणि ओट्यावर झोपलेले पाळीव कुत्रे पकडणे सोपे. आठ आणे दोघांचे सारखेच. तेव्हा पकडणारे लोक घरांच्या दारापर्यंत आणि आतही जाऊ लागले.

पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे आहे. मृताच्या अंत्यविधीत 'सगदीद' म्हणजे कुत्र्याची दृष्टी पडणे हा महत्त्वाचा विधी आहे. ६ जून १८३२ रोजी कोटातल्या पारशी लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले, गोऱ्या सैनिकांच्या छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. अखेर लष्कर बोलवावे लागले आणि धरपकड झाली. हरताळ हे आमचे हत्यार. पण मुंबईच्या इतिहासातला हा जुना हरताळ कुत्र्यांसाठी झाला, हे मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला.

त्यानंतर सरकारकडे अर्ज गेला की कुत्री मारू नयेत, गावाबाहेर नेऊन सोडावीत. आणि दोनच वर्षांनी, १८३४ साली, शेठ जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरास पांजरापोळ उभा राहिला. पांजरापोळाची कल्पना गुजरातेत फार जुनी होती. मुंबईत नवीन होते ते एवढेच की येथे पारशी आणि जैन एका कामात बरोबर आले.

या संस्थांची एक गोष्ट मला विशेष वाटते. पांजरापोळ चाले तो व्यापारी महाजनांनी आपल्या मालावर बसविलेल्या 'लागा'वर. मालाच्या उलाढालीतून अमुक इतका भाग धर्मादाय काढावयाचा, असा रिवाज असे. म्हणजे पैसा येई तो नियमाने, कोणाच्या डोळ्यांत पाणी आणून नव्हे. ज्या संस्थेला दर महिन्यास दयेचा नवा देखावा उभा करावा लागतो, तिला जखमी जनावराची गरज असते. लागावर चालणाऱ्या संस्थेला ती नसते. शिवाय पैसा देणारे सगळे पेढीवर बसणारे लोक. त्यांना रोजमेळ आणि खातेवही शिकवावी लागत नव्हती.

तथापि पांजरापोळात सर्व काही ठाकठीक होते असे मी म्हणणार नाही. आलेल्या जनावरास नाही म्हणावयाचे नाही आणि कोणाचाही जीव घ्यावयाचा नाही, ही दोन तत्त्वे एकत्र आली की गर्दी होते. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक युरोपीय प्रवाशांनी पांजरापोळांतली रोगट, लंगडी, मरणपंथाला लागलेली जनावरे पाहून नाके मुरडली आहेत. त्यांच्या लिहिण्यात गोऱ्या माणसाचा तोरा आहे हे खरे. पण त्यांनी पाहिले ते सगळे खोटे होते असेही नाही. प्राण घेतला नाही एवढ्याने दया पुरी होते काय, हा त्यांचा प्रश्न आजही अनेक आश्रयगृहांच्या दारात उभा आहे. चाळीस कुत्र्यांच्या जागेत दोनशे कुत्री ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. ती लबाड नसतात. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही, आणि त्याची शिक्षा दोनशे कुत्र्यांना होते.

मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मंडळी स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळला जनावरांच्या इस्पितळाची मुहूर्तमेढ रोवली गेली. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीमुळे त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव मिळाले. पण लालबाग-परळच्या आम्हा लोकांना ते 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ठाऊक. माझे वडील गिरणीत होते. ते त्या फाटकावरून जाताना नेहमी म्हणत, "बैलाला दवाखाना आधी मिळाला, आपल्याला नंतर." त्यात अतिशयोक्ती असेल, पण तारखा बघा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांवरच्या पोराला गिरणीत दिवसाचे नऊ तास राबविण्यास मुभा ठेवली होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी एका गिरणीमालकाच्या पैशाने बैलांच्या जखमा धुण्याची सोय झाली. मी त्या इस्पितळाला नावे ठेवीत नाही. उलट, ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, रस्त्यावर फाटक उघडे ठेवून उभे राहिले याचे मला कौतुक आहे. केवळ दया हा गुण माणसाच्या एकाच खिशात असू शकतो, एवढे आमच्या वडिलांना कळले होते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण मुंबईतल्या मंडळींनी नमुना तेथून घेतला होता आणि मागल्या दाराचा प्रश्न तेथे उघडपणे लढला गेला. १६ जून १८२४ रोजी लंडनमधील एका कॉफीगृहात आर्थर ब्रूम नावाच्या पाद्र्याने काही लोकांची सभा बोलावली. गुरांना क्रूरपणे वागविण्यास बंदी घालणारा १८२२ चा कायदा संमत करवून घेणारे रिचर्ड मार्टिन तेथे होते, गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स होते. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी जगातली ही फार महत्त्वाची संस्था. पुढे १८४० साली राणीने तिला 'रॉयल' ही उपाधी दिली. पण त्याआधी काय झाले? ब्रूमने आपला धर्मोपदेशकाचा व्यवसाय सोडून संस्थेला वाहून घेतले, नेमणुका केल्या, खर्च वाढला, जमा वाढली नाही, आणि १८२६ साली संस्थेच्या कर्जापायी खुद्द ब्रूमला तुरुंगात जावे लागले. मार्टिन आणि लुइस गॉम्पर्ट्झ यांनी पैसे उभे करून त्याला सोडविले. ब्रूमने एक पैसा खाल्ला नव्हता. माणूस सज्जन आहे आणि हिशेब बुडाला आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि कार्यकर्त्यांना हे पटवून देताना माझी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

हरवलेल्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र घर निघाले ते १८६० साली. मेरी टील्बी या बाईंनी उत्तर लंडनमधील हॉलोवे येथे 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर' उघडले. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे घर कशाला, म्हणून वर्तमानपत्रांनी टिंगल केली. १८६२ साली डिकन्सच्या साप्ताहिकात या घराविषयी सहानुभूतीने एक लेख आला. त्यात श्रीमंतांच्या कुत्र्यांचे प्रदर्शन आणि हे दरिद्री घर यांची तुलना होती, आणि त्यामुळे लोकांचे मत थोडे बदलले. बाई १८६५ साली वारल्या. शेजाऱ्यांना भुंकण्याचा त्रास होई म्हणून १८७१ साली ते घर थेम्सच्या दक्षिणेस बॅटरसीला, रेल्वेरुळांच्या कडेला हलले. आज 'बॅटरसी' म्हणून जगभर प्रसिद्ध आहे ते हेच. १८८३ पासून तेथे मांजरेही घेऊ लागले.

आता मागल्या दाराकडे या. १८६७ च्या एका कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री धरण्याचा अधिकार मिळाला आणि ती कुत्री या घराकडे येऊ लागली. संख्या वाढली. ज्यांना मालक मिळाला नाही, नवा धनी मिळाला नाही, त्यांचे काय होत होते? बहुतेक मारली जात होती. १८८४ साली डॉ. बेंजामिन रिचर्डसन यांनी गुंगी आणणाऱ्या वायूची एक कोठडी बांधून दिली आणि ती दयेची सुधारणा मानली गेली. आमच्या पांजरापोळात मागल्या दाराने जिवंत जनावर बाहेर पडत नव्हते म्हणून गर्दी होती. बॅटरसीत ते मरून बाहेर पडत होते म्हणून जागा होती. यांतले बरे कोणते, हे मी सांगणार नाही. माझे म्हणणे वेगळेच आहे. बॅटरसीच्या लोकांनी हे लपविले नाही. किती आली, किती परत गेली, किती मारली, हे ते सांगत. ज्याला ते पसंत नव्हते त्याला भांडावयास काहीतरी हाती होते.

याखेरीज एक तिसरी वाट होती, आणि सामान्य लोकांना तिचीच खरी भीती होती. ती म्हणजे प्रयोगशाळेची. १९०३ साली लंडन विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात एका तपकिरी कुत्र्यावर झालेल्या प्रयोगावरून मोठा खटला गाजला, डॉ. बेलिस यांना बदनामीची भरपाई म्हणून दोन हजार पौंड मिळाले. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला, पण लोकांचा संशय गेला नाही. १९०६ साली बॅटरसीच्या लॅचमिअर बागेत त्या कुत्र्याचा पुतळा बसविण्यात आला, खाली माणसांसाठी आणि जनावरांसाठी पाण्याचा झरा ठेवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा अपमान वाटला. १९०७ च्या डिसेंबरात त्यांनी दंगे केले, आणि पुतळ्याचे रक्षण करावयास पुढे आले ते बॅटरसीचे कामगार आणि युनियनवाले! १८८९ च्या गोदी संपातले पुढारी जॉन बर्न्स याच मतदारसंघाचे प्रतिनिधी. गरिबांना त्या कुत्र्यात स्वतःचे काही दिसत असावे. धर्मादाय रुग्णालयात आपल्या देहावरही असेच शिकले जाते अशी त्यांची धारणा होती. अखेर १९१० च्या मार्चमध्ये रात्रीच्या वेळी, शंभरावर पोलिसांच्या बंदोबस्तात, नगरपालिकेने तो पुतळा उचलून नेला. १९८५ साली त्या जागी नव्हे पण त्याच बॅटरसीत दुसरा बसविण्यात आला.

पुतळ्याची हकीकत रंगतदार आहे म्हणून सगळे ती सांगतात. माझ्या दृष्टीने त्याच वर्षी घडलेली एक निरस गोष्ट अधिक मोलाची आहे. १९०६ साली ब्रिटिश पार्लमेंटने कुत्र्यांविषयी एक कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमात असे आहे की पोलिसांनी धरलेले मोकाट कुत्रे सात पूर्ण दिवस ठेवावे. ते जिवंतपणी चिरफाडीच्या प्रयोगासाठी कोणासही देऊ किंवा विकू नये. आणि प्रत्येक कुत्र्याचे थोडक्यात वर्णन, तो धरल्याची तारीख आणि पुढे त्याची विल्हेवाट कशी लावली याची वही ठेवावी. ज्या आश्रयगृहात अशी वही नाही तेथे पोलिसांनी कुत्रे पाठवू नये. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे: एक शिलिंग शुल्क भरून कोणाही नागरिकास ती वही पाहता येईल. दानशूराला नव्हे, सभासदाला नव्हे, कोणाही नागरिकास. हे कलम वाचले तेव्हा वाचनालयाच्या टेबलावर मी अक्षरशः हात आपटला, आणि ग्रंथपाल माझ्याकडे पाहू लागले. त्या व्यवस्थापकाला त्या दिवशी देता आले नव्हते ते उत्तर येथे शंभर वर्षे आधी छापून ठेवलेले होते.

वही नसली म्हणजे काय होते, ते पाहावयास अमेरिकेत जावे लागेल. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय संशोधन फार वाढले आणि प्रयोगशाळांना कुत्र्या-मांजरांची गरज वाढली. आधी मिनेसोटा राज्याने आणि १९५२ साली न्यूयॉर्कने असे कायदे केले की आश्रयगृहात मालक न मिळालेली जनावरे प्रयोगशाळांनी मागितल्यास दिली पाहिजेत. ज्या बाईने आपले मांजर डोळे पुसत आश्रयगृहात सोडले, तिला पाटीवर 'दया' हा शब्द दिसत होता. मागल्या दाराला लागलेली गाडी दिसत नव्हती. या प्रश्नावर तेथल्या प्राणिमित्र संस्थांत फूट पडली, आणि १९५४ साली एक नवी राष्ट्रीय संस्था निघाली. न्यूयॉर्कचा तो कायदा रद्द व्हावयास १९७९ साल उजाडले.

पण आश्रयगृहांवरही भागत नव्हते, म्हणून दलाल निर्माण झाले. येथे पुन्हा आमची नगावर मजुरी आली. १९६५ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरून 'पेपर' नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. कुत्री भरलेली एका दलालाची गाडी पोलिसांनी अडविली होती आणि ती कुत्री काही काळ एका स्थानिक आश्रयगृहात ठेवली होती. वर्तमानपत्रातून घरच्यांना हे कळले. ते पोचेपर्यंत दलाल कुत्री घेऊन न्यूयॉर्क राज्यात गेला होता. घरची बाई मुलांना घेऊन तेथपर्यंत गेली. तिला आत घेतले नाही. काँग्रेसचे सभासद जोसेफ रेस्निक यांनी शब्द टाकला. त्यांनाही दाद दिली नाही. पुढे कळले ते असे की पेपर न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पोचली होती, प्रयोगात मेली होती आणि तिला जाळूनही झाले होते. रेस्निक यांनी त्याच जुलैमध्ये विधेयक मांडले. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने एका दलालाच्या वाड्यातल्या उपाशी कुत्र्यांची छायाचित्रे छापली, पत्रांचा पाऊस पडला, आणि २४ ऑगस्ट १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. दलालाला परवाना, जनावराला ओळखखूण, आणि खरेदी-विक्रीची नोंद. साठ वर्षांपूर्वीच्या लंडनच्या त्या वहीकडेच ही गाडी फिरून आली.

आता आपल्याकडे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे श्रम होते. १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. २००१ साली कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले, २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांप्रमाणे हे काम करणाऱ्या संस्थेला मंडळाची मान्यता लागते, कुत्र्याच्या कानाला खाच पाडावी लागते आणि जेथून धरला तेथेच त्याला परत सोडावे लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सर्व मोकाट कुत्री आश्रयगृहांत न्यावीत असा हुकूम दिला, अकरा दिवसांनी तो बदलला, आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतली कुत्री हलविण्यास सांगितले. या सगळ्याविषयी मते काहीही असोत, आश्रयगृहे वाढणार हे उघड आहे. आणि नगरपालिका पैसे देणार ते दर कुत्र्यामागे. १८३२ चे आठ आणे आठवा. म्हणूनच नसबंदीची बिले मंजूर करताना काढलेले अवयव मोजण्याची पद्धत पडली आहे. ऐकावयास किळसवाणे वाटते, पण ज्याने ही पद्धत सुचविली त्याला नगावरची मजुरी कळत होती.

मला लोक विचारतात, मग आम्ही पाहावयाचे काय? महाराष्ट्रात संस्था विश्वस्तसंस्था म्हणून नोंदलेली असेल तर तिचा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत असतो, आणि तपासलेला ताळेबंद व जमाखर्च तेथे दर वर्षी गेला पाहिजे. तो अर्ज करून पाहता येतो. आळस करू नका. चार पाने असतात. आयकराची सूट मिळते असे पावतीवर छापलेले असले म्हणजे संस्था चांगली असे अनेकांना वाटते. ती सूट तुमच्या करासंबंधी आहे, कुत्र्याच्या पोटासंबंधी नव्हे. मी जमाखर्चात पहिल्याने अन्न, औषध आणि पगार यांचे आकडे पाहतो. शंभर कुत्री आहेत म्हणता, तर तांदूळ किती आला? पशुवैद्यकाला वर्षाकाठी किती दिले? छपाई आणि प्रवास यांवर त्याहून जास्त गेले काय?

नंतर प्रत्यक्ष जा, आणि रविवारी दुपारी जा, कारण त्या वेळी व्यवस्था खरी असते तशी दिसते. झाडणाऱ्या बाईशी बोला. तिला पगार वेळेवर मिळतो का, किती पिंजरे तिच्या एकटीच्या वाट्याला आहेत, आणि रेबीजची प्रतिबंधक लस तिला टोचली आहे का, हे विचारा. हा प्रश्न प्राणिमित्रांच्या पुस्तकांत मला कोठे आढळला नाही. तो आमच्या चळवळीतला आहे. रोज कुत्र्यांचे दात ज्याच्या हाताजवळ येतात त्याला संस्थेने लस दिली नसेल, तर कुत्र्यांना दिल्याच्या नोंदी कितपत खऱ्या, याचा अंदाज तुम्ही बांधा. संस्था कधी 'जागा नाही' म्हणते का, हेही विचारा. जी कधीच म्हणत नाही तिच्याबद्दल मला धास्ती वाटते. आणि कुत्रा दत्तक घ्यावयास गेलात तर संस्थेने तुमचीच उलटतपासणी केली, घर पाहावयास येते म्हणाली, जमले नाही तर आम्हालाच परत द्या असे लिहून घेतले, तर रागावू नका. 'दत्तक' हा शब्द लावून जातिवंत पिल्ले विकणारेही मी पाहिले आहेत. ते पैशाखेरीज काहीच विचारीत नाहीत. फोनवर येणाऱ्या जखमी पिल्लांच्या चित्रांविषयी एवढेच सांगतो की पैसे पाठविण्यापूर्वी आधीच्या महिन्यातल्या पिल्लाचे काय झाले ते विचारून पाहा.

जॉबरच्या बाबतीत आम्ही तक्रार केली होती. पावतीवर जो नोंदणी क्रमांक छापला होता तो दुसऱ्याच जिल्ह्यातील एका भजनी मंडळाचा निघाला. पुढे त्या जागेवर गाळे उभे राहिले.

त्यानंतर कामानिमित्त कोठेही गेलो की जवळपासचे एखादे आश्रयगृह पाहून येण्याची मला सवय लागली. मागे एका तालुक्याच्या गावी असाच गेलो. पत्र्याच्या दोन शेड, एक निवृत्त शिक्षिका आणि दोन पगारी माणसे. मी वही मागितली तेव्हा बाईंनी चष्मा लावला, कपाटातून तीन जाड वह्या काढल्या आणि माझ्यासाठी खुर्ची सरकविली. हाताने रेघा मारलेल्या होत्या. एका पानावर सात पिल्ले लागोपाठ मेल्याची नोंद होती, तारखा होत्या, 'जुलाब, रक्त' असे कारण होते, आणि समोर बारीक अक्षरात लिहिले होते, 'लस उशिरा झाली, चूक आमची.' बाई म्हणाल्या, "ते पान वाचू नका हो." मी म्हटले, "बाई, तेच वाचावयास आलो आहे." आमच्या युनियनची छोटीशी वार्षिक देणगी आता तेथे जाते. निघण्यापूर्वी तिन्ही वह्या मी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या. पिवळ्या रंगाचे एकोणीस कुत्रे सापडले. डावा कान फाटलेला एकही नव्हता.